हृदयाच्या पिशवीत मोड किती?

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की एमआरआयने हृदयाचा आकारच नाही तर आतलं रसायनही वाचता येतं. त्या एका वाक्याने मला कामाला लावलं. संपादकांनी टाचणी लावून पत्रांचा गठ्ठा पाठवला, त्यातली चार इथे घेते. तीस वर्षं एमआरआयच्या काचेमागे बसलेली बाई आहे मी. मशीनबद्दल जरा जास्तच बोलेन, चालवून घ्या.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, एक स्टेंट आहे. आता टू-डी इकोत ईएफ ३० टक्के आलाय आणि फाइलवर 'हार्ट फेल्युअर' लिहिलंय. आईने ते वाचलं तेव्हापासून तिचा जेवणावरून जीव उडालाय. धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला असतो. तो म्हणतो, ऑक्सफर्डला असा एमआरआय करतात की सुई नाही, औषध नाही, पण हृदयाला इंधन मिळतंय का ते कळतं. वडिलांना तिकडे न्यावं का? कर्ज काढायची आमची तयारी आहे. तोवर ताकद यावी म्हणून रोज ग्लुकोजचं पाणी देतोय. चालेल ना?
— एक लेक, कऱ्हाड

उत्तर : ताई, पहिलं काम आईंचं. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. फाइलवरच्या शब्दांचा अर्थ तो नव्हे. वडिलांचं हृदय बंद पडलेलं नाही, ते कमी पडतंय. आणि ईएफ ३० म्हणजे शंभरातले सत्तर गेले असंही नाही, कारण शंभर कुणाचेच नसतात. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं त्यातलं साठ-पासष्ट टक्के निरोगी हृदय एका ठोक्याला पुढे ढकलतं. वडिलांचं तीस ढकलतंय. हे कमी आहे, काळजीचं आहे, पण आईंनी ताट बाजूला सारावं असं नाही.

दुसरं, ग्लुकोजचं पाणी आजपासून बंद. पाणी जास्त झालं तर पायावर सूज येईल, छातीत भरेल. आणि साखरेची तर त्या हृदयाला वाणच नाही. मग वाण कशाची आहे, ते सांगायला तुमच्या वडिलांचीच नोकरी उसनी घेते.

कऱ्हाडहून पाटणमार्गे चिपळूणला जाणारी सकाळची गाडी डोळ्यांसमोर आणा. गाडी खच्चून भरलेली, आणि प्रत्येकाच्या हातात पाचशेची नोट. गाडीत पैसा रग्गड आहे. तरी कंडक्टरचं काम अडलेलं, कारण मोड नाही. वडिलांना विचारा, पहिल्याच फेरीला असा दिवस उजाडला की काय होतं ते. कुंभार्ली घाट लागेपर्यंत अर्धी तिकिटंसुद्धा फाडून होत नसतील.

हृदयाचा व्यवहार असाच चालतो. रक्तातून येणारी चरबी म्हणजे मोठ्या नोटा. निरोगी हृदयाची बहुतांश गुजराण तिच्यावरच होते. साखर म्हणजे त्याहून लहान नोटा. पण स्नायूचा धागा आखडायला नोट चालत नाही, नाणंच लागतं. त्या नाण्याचं नाव एटीपी. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नोटा घेऊन नाणी देतात. हृदयाचं वजन पाव किलो ते तीनशे ग्रॅम, दिवसाचे ठोके लाखभर, आणि त्यासाठी दिवसाला वापरला जाणारा एटीपी सुमारे सहा किलो. साठा किती, तर काही सेकंदांपुरता. म्हणजे हातात चार नाणी आणि दिवसाचा हिशेब लाखाचा. तीच नाणी सतत फिरत राहतात.

हातातली चार नाणी घाटात पुरत नाहीत, म्हणून कंडक्टरच्या खांद्याला चामड्याची पिशवी असते. हृदयातल्या त्या पिशवीचं नाव फॉस्फोक्रिएटिन. एटीपी कमी पडला की त्यातून लगेच भरपाई होते, आणि ती करणारा हात म्हणजे क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम. हृदय थकायला लागलं की आधी पिशवी हलकी होते. हातातली नाणी मात्र बराच काळ जवळजवळ तेवढीच दिसतात. म्हणूनच डॉक्टर एटीपी एकटा मोजत नाहीत, पिशवीतली नाणी भागिले हातातली नाणी, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी यांचं गुणोत्तर मोजतात. निरोगी माणसात ते दोनच्या आसपास असतं.

तुमचा भाऊ म्हणतो तो एमआरआय या दोन्ही रसायनांतल्या फॉस्फरसवरून हे गुणोत्तर काढतो. हृदयाचा तुकडा काढावा लागत नाही, क्ष-किरण नाहीत, रंगद्रव्य नाही. जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला श्टेफान नॉयबाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय ताणून मोठं झालेल्या ३९ रुग्णांचं हे गुणोत्तर मोजलं आणि सरासरी अडीच वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. १९९७ मध्ये निकाल छापला. ज्यांचं गुणोत्तर १.६ च्या खाली होतं त्यांच्यातले ४० टक्के त्या काळात दगावले, वर असलेल्यांतले ११ टक्के. पुढचा अंदाज बांधायला हा आकडा ईएफपेक्षाही सरस ठरला. नॉयबाउअर नंतर ऑक्सफर्डला गेले, त्यामुळे भावाने ऑक्सफर्डचं नाव घेतलं ते उगाच नाही. २००५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या रॉबर्ट वाइस, पॉल बॉटमली मंडळींनी त्याच्या पुढे जाऊन पिशवीतून हातात नाणी किती वेगाने येतात तेच मोजलं. सौम्य ते मध्यम हार्ट फेल्युअरमध्येच तो वेग जवळपास निम्मा झाला होता. पिशवी मात्र तेवढी रिकामी दिसत नव्हती. हात मंदावला होता.

इथे माझी एक कबुली. २००७ मध्ये नॉयबाउअर यांनी अशा हृदयाला इंधन संपलेल्या इंजिनाची उपमा दिली. मला ती इतकी आवडली की कितीतरी व्याख्यानांत मी ती टाळ्यांसाठी वापरली. आता वापरत नाही. ऐकणारा घरी जाऊन नेमकं तेच करतो जे तुम्ही केलंत : टाकी रिकामी आहे ना, मग ओता ग्लुकोज. टाकी रिकामी नाही, ताई. नोटा आहेत, सुट्टे नाहीत.

आता कर्जाचं. काढू नका. मी हे जड मनाने नाही, अगदी सरळ सांगते. वडिलांचं गुणोत्तर १.४ आलं काय आणि १.८ आलं काय, उद्याची एकही गोळी बदलणार नाही. हा आकडा बघून ठरवायचा उपचार आज कुठल्याच हृदयरोगतज्ज्ञाच्या हातात नाही. ऑक्सफर्डचं मशीन प्रश्न विचारण्यासाठी आहे, रोगी बरा करण्यासाठी नाही. आणि त्याला मिळालेली उत्तरं कधी कधी विचारणाऱ्यालाच खजील करतात. एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची गोळी; हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना तिने खरोखर फायदा होतो, इस्पितळाच्या वाऱ्या कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालंय. का होतो? पुष्कळांचं मत असं, की ती हृदयाचा ऊर्जेचा व्यवहार सुधारत असणार. मलाही ते पटलं होतं. ऑक्सफर्डवाल्यांनी ७२ रुग्ण घेतले, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी बारा आठवडे दिली, आणि फॉस्फरसचं गुणोत्तर मोजलं. २०२३ मध्ये निकाल आला : काही फरक नाही. गोळी काम करते, पण आम्ही समजत होतो त्या वाटेने नाही. एक देखणा सिद्धांत मशीनने आडवा केला. याला मी मशीनचं अपयश म्हणत नाही, उलट त्यासाठीच ते ठेवायचं. वडिलांच्या डब्यात ती किंवा तिच्या जातीतली गोळी आहे का ते बघा. नसेल तर 'का नाही' हे त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

या सगळ्या संशोधनातली एकच गोष्ट कऱ्हाडात बसून लगेच उपयोगी पडेल. लंडनला हार्ट फेल्युअर आणि शरीरात लोहाची कमतरता असलेल्या ४० रुग्णांच्या पोटरीवर हाच फॉस्फरसचा एमआरआय लावला. पायाचा व्यायाम करून घ्यायचा, पिशवी रिकामी होते, मग ती किती सेकंदांत पुन्हा भरते ते मोजायचं. शिरेतून लोह दिल्यावर दोन आठवड्यांत ती जास्त वेगाने भरू लागली. जिना चढताना वडिलांना लागणाऱ्या धापेत पायाच्या स्नायूंचाही वाटा असतो, हे आपण विसरतो. तेव्हा पुढच्या भेटीत फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन रक्तचाचण्यांचं विचारा. हिमोग्लोबिन बरं असलं तरीही विचारा. लोहाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने आणू नका. हार्ट फेल्युअरमध्ये तोंडाने दिलेल्या लोहाचा उपयोग झालेला दिसत नाही.

बाकी ओळखीच्याच गोष्टी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन, वाट बघायची नाही. लोणचं-पापड-खारवलेलं ताटातून खाली. गुडघे दुखले म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणायची नाही. त्या एका गोळीने सुधारलेली माणसं पुन्हा सुजून आलेली मी पाहिलीत. आणि भाऊ 'एमआरआय, एमआरआय' म्हणतोय तर त्याला हेही सांगा, की हृदयाचा नेहमीचा एमआरआय, ज्यात स्नायूत किती व्रण आहे ते दिसतं, तो पुण्या-मुंबईत होतो. तो लागेल की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. स्टेंटची अडचण सहसा नसते; पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर झटका देणारं यंत्र) बसवलेला असेल तर त्याचं कार्ड सोबत न्यायचं.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनवर चालतो इतपत ठाऊक आहे. पण चुंबकाला रसायन कसं कळतं? फॉस्फोक्रिएटिनचा फोटो येतो का?
— एक शिक्षक, संगमनेर

उत्तर : सर, फोटो येत नाही. येते ती सुळक्यांची रांग, आणि ती वाचायला शिकावं लागतं.

रेडिओच्या काट्यापासून सुरुवात करू. चुंबकात ठेवलेला प्रत्येक अणुगर्भ आपापल्या पट्टीत बोलतो. १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशीनमध्ये हायड्रोजन सुमारे ६४ मेगाहर्ट्झला, फॉस्फरस सुमारे २६ ला. आपल्याकडची बहुतेक मशीन फक्त हायड्रोजनच्या केंद्रावर लावलेली असतात; फॉस्फरस ऐकायचा तर वेगळी कॉइल, म्हणजे अँटेना, लागते आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. निसर्गाची कृपा म्हणजे सगळा नैसर्गिक फॉस्फरस ऐकू येणाऱ्या जातीचाच असतो.

पुढची मौज अशी की सगळे फॉस्फरस अणू अगदी एकाच सुरात नसतात. भोवतीचे इलेक्ट्रॉन चुंबकाची किंचित आड करतात, आणि रेणू बदलला की ती आड बदलते. दहा लाखात काही भागांचा फरक, पण काटेकोर चुंबकात तो टिपता येतो. एटीपीत फॉस्फेटच्या तीन कड्या, म्हणून त्याचे तीन सुळके. फॉस्फोक्रिएटिनचा एकच, उंच, मधोमध. डावीकडे एक बुटका जोडसुळका दिसतो, तो हृदयाचा नव्हेच. तो तांबड्या पेशींतल्या डीपीजी नावाच्या फॉस्फेटवाल्या रसायनाचा, म्हणजे कप्प्यातल्या रक्ताचा. रक्तातही थोडा एटीपी असतो, त्यामुळे हा जोडसुळका बघून तेवढी वजावट करावी लागते. नुसत्या फॉस्फेटचा सुळका याच डीपीजीच्या खाली दडतो. त्यावरून पेशीची आम्लता कळली असती, पण दडलेला तो दडलेलाच.

विद्यार्थ्यांना फळ्यावर एक आकडेमोड करून दाखवा. लिटरभर पाण्यात हायड्रोजनचे सुमारे ११० मोल. किलोभर हृदयस्नायूत एटीपीचे मोजके मिलिमोल. दहा हजार पटींहून जास्त फरक! त्यात फॉस्फरसचा आवाज मुळातच बारीक. म्हणून नेहमीच्या एमआरआयमध्ये मिलिमीटरचा तपशील सेकंदांत मिळतो, आणि इथे लिंबाएवढ्या भागातून चार सुळके निघायला अर्धा तास जातो. हृदयाची भिंत जेमतेम सेंटीमीटरभर जाड, ती हलतेय, वर छाती श्वासाने हलतेय. समोर छातीचा स्नायू, त्यात फॉस्फोक्रिएटिन ठासून भरलेलं. त्याचा आवाज शिरला की गुणोत्तर फुगतं. खाली यकृत, त्यात फॉस्फोक्रिएटिन अजिबात नाही. त्याचा एटीपी मिसळला की गुणोत्तर पडतं. आणि कॉइल छातीवर असल्याने हृदयाची मागची भिंत तिला ऐकूच येत नाही. सात टेस्लाच्या चुंबकात आवाज बराच मोठा होतो. २०१४ मध्ये ऑक्सफर्डने तीन टेस्लाशी तुलना केली तेव्हा तो २.८ पट भरला.

गणित शिकवणाऱ्याला खटकेल अशी आणखी एक गोम आहे. गुणोत्तर म्हणजे भागाकार. अगदी शेवटच्या टप्प्यात एटीपीही घसरतो. अंश आणि छेद दोन्ही आटले तर उत्तर बरं दिसू शकतं, आणि आत मात्र दोन्हीकडे खडखडाट.

आता थोडं अवांतर, पण वर्गात सांगाच. फॉस्फोक्रिएटिन ज्यांनी शोधलं त्यांच्यातला एक माणूस आपला : यल्लाप्रगडा सुब्बाराव. १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमावरमला जन्म, मद्रासला वैद्यकीचं शिक्षण, १९२३ मध्ये बोस्टन. हार्वर्डला सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजायची रंगाची पद्धत बसवली, ती प्रयोगशाळांमध्ये आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. त्या पद्धतीने स्नायूचा अर्क तपासताना त्यांना दिसलं, की रंग हवा तसा एकदम चढत नाही, रेंगाळतो. कुठलंसं नाजूक संयुग आम्लात हळूहळू फुटून फॉस्फेट सोडत होतं. तोवर सगळे त्याला साधं फॉस्फेटच समजत आले होते. १९२७ मध्ये त्यांनी फॉस्फोक्रिएटिन जाहीर केलं, १९२९ मध्ये एटीपी. जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही एटीपी त्याच वर्षी सापडला. सुब्बारावांना स्नायू कापून, गोठवून, घाई करून जे बघावं लागलं, तेच संयुग १९८५ मध्ये बॉटमली यांनी जिवंत माणसाच्या धडधडत्या हृदयात, त्वचेला ओरखडाही न काढता टिपलं. ५८ वर्षांचं अंतर.

प्रश्न : मॅडम, मी जिमला जातो, रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतो, फरक पडलाय. नेटवर वाचलं की हार्ट फेल्युअरमध्ये हृदयातलं क्रिएटिन कमी होतं. काकांचा ईएफ ३५ आहे. माझ्याच डब्यातलं चमचाभर काकांना दिलं तर?
— वय २२, नाशिक

उत्तर : अरे, काकांची इतकी काळजी करतोस याचंच मला कौतुक वाटलं. पण डबा तुझ्याच कपाटात राहू दे.

तू वाचलंस ते खोटं नाही. १९९८ मध्ये बॉटमली आणि वाइस यांनी अटॅकने मेलेल्या भागात क्रिएटिन घटलेलं एमआरआयनेच दाखवलं, आणि थकलेल्या हृदयातही ते कमी होतं. पण का कमी होतं? हृदय क्रिएटिन स्वतः बनवत नाही. ते रक्तातून आत ओढून घेणारी दारं असतात, आणि आजारी हृदयात ती दारंच कमी होतात. रक्तात ओतून दाराबाहेर गर्दी वाढेल, आत कोण घेणार? १९९५ मध्ये रुग्णांना रोज २० ग्रॅम, असं दहा दिवस देऊन पाहिलं होतं. पायाच्या स्नायूंचा जोर वाढला. ईएफ जागचा हलला नाही.

मग ऑक्सफर्डच्या लोकांनी दारंच वाढवली, उंदरांमध्ये. जनुक असा बदलला की हृदयात क्रिएटिन भसाभसा शिरावं. २००५ मध्ये निकाल छापून आला : ज्यांच्या हृदयात ते फार साठलं त्यांची हृदयं फुगली आणि निकामी झाली. एवढ्या क्रिएटिनवर फॉस्फेट चढवून त्याचं फॉस्फोक्रिएटिन करणं त्या पेशींना झेपेना. रिकाम्या पिशव्या खांद्यावर दहा लटकवल्या म्हणून मोड येत नाही, ओझं होतं. त्याच गटाने २०१३ मध्ये उलट टोक पाहिलं : ज्यांच्या अंगात क्रिएटिनच तयार होत नाही असे उंदीर. हे तर लगेच मरतील असं कुणीही म्हटलं असतं. ते चाकावर इतरांइतकेच धावले, अटॅक घडवून आणला तर इतरांइतकेच टिकले. शरीर पळवाटा काढतं रे. 'कमी आहे ना, मग घाला' हे मिठाच्या बाबतीत ठीक आहे, तेही आमटीत. काकांच्या नाही.

आणखी एक घरगुती कारण. क्रिएटिन घेतलं की रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर जातं. काकांचे डॉक्टर त्याच आकड्यावरून किडनी बघतात आणि हृदयाच्या गोळ्यांचे डोस ठरवतात. तुझ्या चमच्यामुळे त्यांची चांगली चाललेली गोळी उगाच बंद व्हायची. काकांना द्यायचंच असेल तर संध्याकाळची वीस मिनिटं दे, त्यांच्या चालीने त्यांच्याबरोबर चाल.

प्रश्न : आम्ही नऊ वर्षं ऑक्सफर्डजवळ राहतो, हा अंक आईकडून येतो. मला टाइप टू मधुमेह आहे, वय ५२, हृदयाची तक्रार नाही. इथल्या एका संशोधनासाठी 'हायपरपोलराइज्ड पायरुव्हेट' टोचून हृदयाचा एमआरआय करायला स्वयंसेवक हवेत. टोचणार म्हटल्यावर मिसेस नको म्हणतेय. हे किरणोत्सर्गी असतं का? जावं का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : वहिनींची शंका रास्त आहे. वरच्या पत्रांतला रसायन वाचणारा एमआरआय सुईशिवायचा, हा सुईचा. पण किरणोत्सर्गी नाही. यातला कार्बन १३ जातीचा. तो स्थिर असतो, आपल्या प्रत्येक घासातल्या कार्बनमध्ये शेकडा एकाहून थोडा जास्त तोच असतो. आणि पायरुव्हेट तुमच्या पेशी साखर फोडून दर क्षणाला बनवतातच.

फॉस्फरस साठा सांगतो, हे तंत्र ओघ सांगतं. पायरुव्हेट म्हणजे साखरेच्या रस्त्यावरचा चौक. एक वाट मायटोकॉन्ड्रियात जळण्याची, तिकडे गेलं की बायकार्बोनेट निघतो. दुसरी वाट लॅक्टेटची. दोन्हींचे सुळके वेगळे, म्हणून कुठल्या वाटेने किती गेलं ते डोळ्यांदेखत कळतं.

अडचण कार्बनच्या आवाजाची होती; फॉस्फरसहूनही तो क्षीण. २००३ मध्ये आर्डेन्केयर-लार्सन आणि सहकाऱ्यांनी तो दहा हजार पटींहून अधिक वाढवून दाखवला. पायरुव्हिक आम्ल शून्याखाली २७२ अंशांच्या आसपास गोठवायचं, जोरकस चुंबकात ठेवून त्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या, तास-दोन तास थांबायचं. मग उकळत्या पाण्याच्या झोताने क्षणात विरघळवायचं, गाळायचं, तापमान आणि आम्लता तपासायची, आणि धावत टोचायचं. धावत म्हणजे अक्षरशः. कमावलेला आवाज मिनिटभरात ओसरू लागतो. दोन मिनिटांत खेळ संपतो. माणसाच्या हृदयात हे पहिल्यांदा टोरांटोच्या सनीब्रुकला झालं, चार निरोगी स्वयंसेवकांवर. २०१६ मध्ये छापून आलं. ऑक्सफर्डने २०२० मध्ये मधुमेही आणि निरोगी हृदयं शेजारी ठेवली. मधुमेहींच्या हृदयात जळण्याच्या वाटेला पायरुव्हेट फारच कमी जात होतं. ग्लुकोज पाजल्यावर दोघांतही ते वाढलं. मधुमेही हृदय चरबीच्या मोठ्या नोटांना चिकटून बसतं, साखर दारात उभी असताना. तुमच्यासारखी, हृदयाची तक्रार अजून न आलेली माणसं त्यांना हवीत ती यासाठीच.

जावं, असं मी म्हणेन. संमतीपत्रक मात्र घरी आणून वहिनींसकट वाचा. 'माझा अहवाल मिळेल का' आणि 'चित्रात काही भलतंच दिसलं तर कोण कळवणार' हे दोन प्रश्न सही करण्याआधी विचारा. तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या की नाहीत, तेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

मी स्वतः एकदा फॉस्फरसच्या मशीनमध्ये झोपले आहे. प्रशिक्षणासाठी परदेशात होते, सुदृढ माणूस हवा होता, मी हात वर केला. पालथं झोपवलं होतं, म्हणजे हृदय कॉइलच्या जवळ येतं आणि छाती कमी हलते. नाक टॉवेलमध्ये, कपाळाखाली गुंडाळी, मंगळसूत्र आणि बांगड्या बाहेर डब्यात. कानात बोळे असूनही मशीन पत्र्यावर हातोडी मारल्यासारखं वाजत होतं. दहाव्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आणि पुढची तीस मिनिटं मी तेवढा एकच विचार केला. आयुष्यभर लोकांना 'हलू नका हं' असं काचेमागून ऐटीत सांगत आले. त्या दिवसानंतर जरा नरमाईने सांगू लागले. बाहेर आल्यावर पडद्यावर सुळके दाखवले, छान उभे होते. मी गुणोत्तर विचारलं. मशीन चालवणारी मुलगी हसली आणि म्हणाली, स्वयंसेवकांना आकडे सांगत नाही. माझ्या हृदयाच्या पिशवीत मोड किती होती, ते मला आजतागायत ठाऊक नाही.